तळें, वाडा आणि भूत

वाशीम गांवाला तळ्यांची वाण कधींच पडली नाहीं. पद्मतीर्थाविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, वासुकि नांवाच्या एका कुष्ठरोगी राजाला गांवाबाहेरच्या डोहांत स्नान केल्यानें रोगमुक्ति मिळाली, आणि त्यानें कृतज्ञतेनें तो डोह वाढवून त्याचें तळें केलें. भोसल्यांचे सरदार भवानी काळू यांनीं अठराव्या शतकांत बालाजीचें देऊळ उभारलें, तेव्हां देवळाबरोबर तळेंही बांधलें. पाणी, देव आणि मनुष्यवस्ती हीं तिन्हीं आपल्याकडे अशीं एकमेकांच्या आधारानें नांदत आलीं आहेत. परंतु जेथें हीं तीन एकत्र आलीं, तेथें चौथें एक न बोलावतां येऊन बसतें. तें म्हणजे भूत.

वऱ्हाडांतच नव्हे, महाराष्ट्रांत कोणत्याही गांवीं जा. तळ्याच्या कांठीं बाग असावी, बागेंत एखादें जुनें वाचनालय, धर्मशाळा, विश्रामगृह किंवा पाणीपुरवठ्याचें यंत्रघर असावें, आणि तें दहा-पांच वर्षें कुलूपबंद राहावें. कीं तेथें मध्यरात्रीं दिवा दिसतो, पैंजण वाजतात, कोणी हांक मारतें, असें सांगणारा गृहस्थ हटकून भेटतो. त्यानें स्वतः कांहीं पाहिलेलें नसतें. पाहिलेलें असतें तें त्याच्या मावसभावाच्या मित्रानें. तो मित्र बहुधा बदली होऊन परगांवीं गेलेला असतो.

भुतें आहेत कीं नाहींत, हा वाद येथें घालावयाचा नाहीं. माझ्या मतापुरतें सांगतों: पुष्कळ वर्षें मुलांना व्याकरण शिकविण्यांत गेलीं आणि त्या अवधींत मला भूतकाळ भेटला, भूत भेटलें नाहीं. परंतु भुताच्या गोष्टी आहेत, याविषयीं कोणालाच शंका घेतां येणार नाहीं. त्या शेंकडों वर्षें टिकल्या आहेत. आणि जी वस्तु इतकीं वर्षें टिकते, तिचा समाजाला कांहीं तरी उपयोग असलाच पाहिजे. तो कोणता, आणि आज तो कितपत शिल्लक आहे, हें पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

प्रथम शब्दच पाहूं. ‘भू’ म्हणजे होणें. ‘भूत’ म्हणजे झालेलें, होऊन गेलेलें. ज्या शब्दानें आपण पंचमहाभूतें म्हणतों, भूतदया म्हणतों आणि भूतकाळ म्हणतों, त्याच शब्दानें पिंपळावरच्या पिशाचाला ओळखतों. हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. जें होऊन गेलें पण संपलें नाहीं, ज्याचा हिशेब मिटला नाहीं, तें भूत. हा अर्थ ध्यानांत धरला म्हणजे पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

तळ्याकाठच्या भुताची आपल्याकडील सर्वांत थोर कथा महाभारताच्या वनपर्वांत आहे. तहानेनें व्याकुळ झालेले पांडव पाणी शोधतात. नकुल, सहदेव, अर्जुन आणि भीम एकामागून एक सरोवरावर जातात. आधीं माझ्या प्रश्नांचीं उत्तरें दे, मग पाणी पी, असा अदृश्य आवाज त्यांना बजावतो. चौघेही तो आवाज न जुमानतां पाणी पितात आणि गतप्राण होऊन पडतात. शेवटीं युधिष्ठिर येतो. त्याच्यापुढें तो आवाज प्रथम आपण बगळा असल्याचें सांगतो आणि मग यक्षरूपानें प्रकट होतो. युधिष्ठिर घाबरून पळत नाहीं आणि धिटाईनें पाणीही पीत नाहीं. तो थांबतो, ऐकतो आणि उत्तरें देतो. प्रसन्न झालेला यक्ष एका भावाला जिवंत करण्याचा वर देतो, तेव्हां युधिष्ठिर भीमाला किंवा अर्जुनाला न मागतां नकुलाला मागतो; कारण कुंतीचा एक पुत्र उरला आहे, तसा माद्रीचाही एक उरला पाहिजे. या न्यायबुद्धीवर यक्ष संतुष्ट होतो आणि चौघेही उठतात. तो यक्ष म्हणजे साक्षात् धर्म होता. तळ्याकाठचें भूत धर्म विचारतें, ही कल्पना व्यासांची आहे. ती आपण पुढें विसरलों आणि पैंजण तेवढे लक्षांत ठेवले.

आतां मराठी भुतांकडे वळूं. हीं भुतें कोणीं नोंदवून ठेविलीं, हें सांगितलें तर शिक्षकवर्गाला कौतुक वाटेल. ए. एम. टी. जॅक्सन नांवाचे संस्कृतज्ञ इंग्रज अधिकारी नाशिकचे कलेक्टर होते. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं त्यांना गोळी घातली, हा इतिहास प्रसिद्धच आहे. त्यांनीं जमविलेलीं लोकसमजुतींचीं टिपणें पुढें एन्थोव्हेन साहेबांनीं संपादून छापलीं. कोंकणचा खंड १९१५ सालीं निघाला. त्यांतील बहुतेक माहिती खेड्यापाड्यांतील शाळामास्तरांनीं लिहून पाठविलेली आहे. अमुक गांवचा मास्तर असें म्हणतो, तमुक गांवचा तसें म्हणतो, असा पानोपानीं उल्लेख येतो.

या आणि अशा नोंदींतून भुतांची जी जंत्री तयार होते, ती वाचतांना भीति वाटत नाहीं, वाईट वाटतें. मुंज झाली पण लग्न होण्यापूर्वीं गेला, तो मुंजा. बाळंतपणांत गेली ती अलवंतीण. इच्छा मनांत ठेवून गेली ती हडळ. द्रव्याचा लोभ सुटला नाहीं, तो समंध. पाण्यांत बुडून गेला तो गिऱ्हा. म्हणजे ही यादी पिशाचांची म्हणून लिहिलेली असली, तरी वस्तुतः अकालीं मेलेल्यांची आणि अर्धवट राहिलेल्या आयुष्यांची ती नोंदवही आहे. ज्या काळीं घरोघर बाळंतिणी दगावत, त्या काळीं गांवोगांव अलवंतिणी असत. २०१८ ते २०२० या काळाच्या नमुना नोंदणीप्रमाणें महाराष्ट्रांत एक लाख जिवंत जन्मांमागें ३३ मातांचे मृत्यु होत होते. हा आंकडाही शून्य व्हावयास हवा. तथापि मांत्रिकाला जी अलवंतीण बाटलींत भरतां आली नाहीं, ती सुइणीच्या उकळलेल्या पाण्यानें, परिचारिकेनें आणि दवाखान्यानें पुष्कळ अंशीं घालविली, हें कबूल केलें पाहिजे.

पाण्याच्या दैवतांत साती आसरा मुख्य. ‘अप्सरस्’ या शब्दापासून हें नांव आलें. अप् म्हणजे पाणी, त्यांत संचार करणाऱ्या त्या अप्सरा. इंद्रसभेंतील नर्तकी ही त्यांची पुढची बढती. मूळची नेमणूक पाण्यावरचीच. नदीच्या, विहिरीच्या किंवा तळ्याच्या कांठीं शेंदूर लावलेले सात तांदळे मांडलेले असतात. बायका तेथें हळदकुंकू, खण आणि बांगड्या वाहतात. त्या प्रसन्न झाल्या तर कूस उजवतात, रागावल्या तर माणसाला आंत ओढतात, अशी समजूत. जें पाणी शेत पिकवितें तेंच जीवही घेतें, हा रोजचा अनुभव सात दगडांत साठविला आहे.

या समजुतींना खतपाणी घालण्याचें काम सृष्टि स्वतः करते. रात्रीं तळ्याकाठीं काय काय होतें तें पाहा. वारा पडलेल्या संध्याकाळीं पाण्यालगतची हवा थंड आणि तिच्यावरची उबदार असते. थंड हवेंत ध्वनीचा वेग कमी, उबदार हवेंत अधिक. त्यामुळें वर जाणारा आवाज वांकून पुन्हां खालीं येतो आणि एरवीं जो विरून गेला असता, तो पलीकडच्या कांठावर स्पष्ट ऐकूं येतो. समोरच्या तीरावर कोणी आपल्या बायकोला हांक मारतो, ती आपल्याला कानाशीं मारल्यासारखी वाटते. तळाशीं कुजणाऱ्या पालापाचोळ्यांतून दलदलीचा वायु निघतो. इटलीच्या व्होल्टानें १७७६ सालीं माज्जोरे सरोवराच्या गाळांतून उठणारे त्याचे बुडबुडे पकडून तो पेटतो हें दाखविलें. पाणथळ जागीं दिसणाऱ्या फिरत्या उजेडाशीं त्याचा संबंध जोडला जातो. तो आपोआप पेट कसा घेतो, याविषयीं मात्र शास्त्रज्ञांत एकमत नाहीं. माळावरून करवानक पक्षी रात्रीं करुण ओरडतो, टिटवी आकांत करते. बंद इमारतीच्या माळ्यावर गव्हाणी घुबड घर करतें. त्याचें तोंड पांढरें, पानाच्या आकाराचें. पंखांच्या कडा मऊ असल्यामुळें तें उडतांना आवाज होत नाहीं. आणि ओरडतें तें किंचाळल्यासारखें. अंधाऱ्या खिडकींतून पांढरा चेहरा निःशब्द बाहेर पडावा आणि किंकाळी फोडावी, याहून भुताला आणखी काय करावयाचें असतें?

आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें उदाहरण घ्या. काळ्या पाषाणांत सुमारे सव्वा किलोमीटर रुंदीचें तें खाऱ्या पाण्याचें सरोवर. कांठावर जुनीं देवळें, भोंवतीं दाट झाडी. येथें लवणासुर नांवाचा दैत्य विवरांत राहत होता आणि विष्णूनें त्याला मारलें, अशी पुराणकथा आहे. गांवांतील दैत्यसूदनाचें सुंदर देऊळ त्याच कथेचें स्मारक. शास्त्रज्ञ सांगतात कीं, आकाशांतून कोसळलेल्या उल्केच्या आघातानें हें विवर पडलें. जून २०२० मध्यें त्याचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें. शंभर वर्षांपूर्वीं असें घडतें तर दैत्याचें रक्त वर आलें म्हणून गांवोगांव शांति झाल्या असत्या. यावेळीं पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत गेले आणि पाणी आटून क्षार वाढल्यानें मीठ मानवणाऱ्या सूक्ष्म जीवांची वाढ झाली, हा त्यांचाच रंग, असा निर्णय मिळाला. कथेची गोडी त्यामुळें कमी झाली नाहीं. आकाशांतून कांहीं तरी भयंकर येऊन पाताळापर्यंत गेलें, एवढें दोघेही सांगतात.

येथवर पाण्याचें झालें. परंतु सार्वजनिक वास्तूचें भूत म्हटलें कीं मराठी माणसाच्या मुखीं पहिलें नांव येतें तें पुण्याच्या शनिवारवाड्याचें. हा वाडा तळ्याकाठीं नाहीं. त्याच्या हौद-कारंज्यांना मात्र नानासाहेब पेशव्यांच्या काळीं कात्रजच्या तळ्याचें पाणी नळ बांधून आणलें होतें. १० जानेवारी १७३० रोजीं थोरल्या बाजीरावांनीं वाड्याचा पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस, सोमवारीं, ऐन गणपतीच्या दिवसांत तेथें अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा गारद्यांनीं खून केला. चुलते रघुनाथराव तेव्हां वाड्यांतच नजरकैदेंत होते. जीव वाचविण्यासाठीं पोर त्यांच्याकडे धांवलें आणि तेथेंच मारलें गेलें. तेव्हांपासून, रात्रीं वाड्यांतून ‘काका, मला वाचवा’ अशी आर्त हांक ऐकूं येते, असें सांगतात. कोणी म्हणतो पौर्णिमेला, कोणी म्हणतो अमावास्येला.

या कथेंतील पहिली लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, खून रात्रीं झाला नाहीं. तो भरदुपारीं, एक वाजण्याच्या सुमारास, माणसांनीं गजबजलेल्या वाड्यांत झाला. शेंकडों लोक भोंवतीं होते. हांक दुपारीं मारली होती. ज्यांनीं ऐकावयाची त्यांनीं ऐकली नाहीं, म्हणून ती रात्रीं ऐकूं येते. लोककथेनें वेळ बदलली, पण वर्म अचूक धरलें.

दुसरी गोष्ट अशी. नारायणराव एकटा मेला नाहीं. चापाजी टिळेकर नांवाचा सेवक धन्याला वांचविण्यासाठीं त्याच्या अंगावर आडवा पडला आणि तुटला. त्या गर्दींत कांहीं ब्राह्मण, कुणबिणी आणि एक गाय हींही मारलीं गेलीं. त्यांची हांक कोणत्याही पौर्णिमेला ऐकूं येत नाहीं. भुताच्या गोष्टीलाही मानपान कळतो. पेशव्याचें भूत होतें, कुणबिणीचें होत नाहीं. आपल्या मुलांना वाडा दाखवितांना त्या दासींचाही उल्लेख करावा, असें मला फार वाटतें. युधिष्ठिरानें माद्रीची आठवण ठेवली, ती याच न्यायानें.

तिसरी गोष्ट आनंदीबाईंची. मूळ पत्रांतील ‘धरावें’ याचें त्यांनीं ‘मारावें’ केलें, ‘ध’चा ‘मा’ केला, ही कथा पोरासोरांच्या तोंडीं आहे. बखरी आणि लोकवार्ता यांतून ती चालत आली. तो मूळ कागद उपलब्ध नाहीं. उलट, रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी करून रघुनाथरावांनाच दोषी ठरविलें आणि त्यांच्या तोंडावर तसें सांगून पुणें सोडलें. गारद्यांपैकीं कांहींना पुढें देहान्त शिक्षा झाली. रघुनाथरावांना पदच्युत व्हावें लागलें, पण खुनाची शिक्षा अशी कधींच झाली नाहीं. ते ११ डिसेंबर १७८३ रोजीं कोपरगांवीं वारले. निकाल लागला, अंमल झाला नाहीं. आणि लोकांच्या स्मरणांत मोठा दोष जाऊन बसला तो एका स्त्रीच्या माथीं. नारायणरावांचा मरणोत्तर जन्मलेला पुत्र सवाई माधवराव याच वाड्याच्या सज्जांतून २५ ऑक्टोबर १७९५ रोजीं खालीं पडला आणि दोन दिवसांनीं वारला. नोव्हेंबर १८१७ मध्यें वाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें, फेब्रुवारी १८२८ च्या आगींत आंतलें बांधकाम जळालें. इतकें ज्या वास्तूवर ओढवलें, तिच्यांत भूत आलें नसतें तरच नवल.

म्हणून माझें म्हणणें असें कीं, भुताची गोष्ट तीन कामें करते. तळ्यावर ती कुंपण होते, वाड्यांत ती स्मरण होते, आणि तिसरें काम वाईट: कांहींच्या हातांत ती हत्यार होते.

कुंपणाचा उपयोग आतां संपत आला आहे. ‘पाण्यावर जाऊं नकोस, आसरा ओढतील’ म्हणून आजी नातवाला अडवीत असे, त्यांत माया होती. परंतु जगांत २०२१ या एका वर्षांत सुमारें तीन लाख माणसें बुडून मेलीं, आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पांच वर्षांखालील मुलांचा होता, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. पांच वर्षांखालच्या मुलाला आसरा कळत नाहींत. त्याला कठडा लागतो आणि मोठ्या माणसाची नजर लागते. थोर मुलाला भीतीपेक्षां पोहणें अधिक उपयोगीं पडतें. शिवाय बुडालेल्याला ‘तळ्यानें नेलें’ म्हटलें कीं शेवाळलेली पायरी दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाहीं. हें तळ्याइतकेंच बागेंतल्या पडक्या इमारतीला लागू आहे. ती झपाटलेली आहे म्हणून कोणी फिरकत नाहीं. कोणी फिरकत नाहीं म्हणून ती अधिक पडते. आणि ज्यांना अंधार सोयीचा असतो, ते भुताच्या पहाऱ्यांत तेथें सुखानें आपले उद्योग चालवितात.

हत्याराचा प्रकार याहून भयंकर. घरांतील एखादी सून अबोल होते, जेवत नाहीं, एकटीच रडते किंवा घुमूं लागते. तिला ‘बाहेरचें’ झालें असें ठरतें. तळ्यावर कपडे धुवायला गेली तेव्हां कांहीं लागलें, असें निदान होतें. आणि मग मिरच्यांची धुरी, केस ओढणें, छडीचा मार. दुखणें मनाचें किंवा मेंदूचें असतें, कधीं दुखणें सासरचेंच असतें, आणि मार मात्र भुताच्या नांवावर तिला बसतो. या अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत, शनिवारवाड्यापासून फार दूर नसलेल्या एका पुलावर, सकाळच्या उजेडांत त्यांना गोळ्या घालण्यांत आल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत महाराष्ट्राच्या विधिमंडळानें कायदा संमत केला. भूत उतरविण्याच्या मिषानें बांधणें, मारहाण करणें, धुरी देणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पांच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. घरांतील वडील मंडळींनीं ही माहिती ठेवावी आणि शेजारीं तसा प्रसंग दिसला तर गप्प बसूं नये. मुकें घुबडही या भीतीचें बळी आहे. शेतांतील उंदीर खाऊन तें आपलें धान्य राखतें, आणि अपशकुनी म्हणून वा मंत्रतंत्रासाठीं आपण त्याला मारतों; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तोही अपराध आहे.

मग भुताच्या गोष्टी मुलांना सांगूंच नयेत काय? अवश्य सांगाव्या. ज्या भूमीचा पैठणच्या गुणाढ्यानें पैशाची भाषेंत बृहत्कथा रचल्याची परंपरा अभिमान बाळगते, आणि ज्या आमच्या वत्सगुल्म नगरांत काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशीं विवाह लागला असें राजशेखर लिहितो, तेथें गोष्टींना बंदी घालणें शोभणार नाहीं. पावसाळ्यांत वीज गेली असावी, माजघरांत दिवा मिणमिणत असावा आणि नातवंडांनीं आजोबांच्या पांघरुणांत शिरून वेताळाची गोष्ट ऐकावी, हा आनंद एकत्र कुटुंबाच्या उरलेल्या वैभवांपैकीं एक आहे. फक्त गोष्ट संपल्यावर दिवा मोठा करावा, आणि मुलाला विचारूं द्यावें: हें कोणीं पाहिलें? केव्हां पाहिलें? तो मेला कसा? त्याला कोणीं वांचविलें कां नाहीं? त्याच्याबरोबर आणखी कोण मेलें? आणि सकाळीं त्याच मुलाचें बोट धरून तळ्याची पायरी, बागेंतली बंद इमारत आणि माळ्यावरचें घुबड दाखवून आणावें. पायरी निसटती दिसली तर नगरपालिकेला अर्ज लिहावा, आणि त्या अर्जावर मुलालाही सही करूं द्यावी.